वानचं पाणी, सहावीचा वर्ग

मामा निवृत्त मुख्याध्यापक, भाची सहावीची वर्गशिक्षिका. दोघांची नोकरी जिल्हा परिषदेची आणि दोघांचं गाव हिवरखेड, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. वऱ्हाडात या नावाची गावं आणखीही आहेत, मोर्शीकडचं संत्र्यांचं हिवरखेड त्यातलंच. हे मात्र कपाशी-तुरीचं.

वाद सुरू झाला चिंचोक्यांवरून. भाचीनं मामांकडं पायलीभर चिंचोके मागितले. कशाला, तर वर्गात शांतता शिकवायला. मामा हसले, आणि पुढचं बोलणं मी मधे बसून ऐकलं. इथं ते थोडं कापून-छाटून देतो. मामांची वऱ्हाडी कागदावर पूर्ण उतरत नाही, चव कळेल एवढी ठेवली आहे.

मामा : चिंचोक्यानं शांतता येते हे मले एवढ्या नोकरीत कोनी सांगतलं नाई, माय. आमच्या टायमाले एक मॉनिटर फळ्यापाशी उभा केला, बोलनाऱ्यायचे नावं लिव म्हटलं, की टाचनी पडली तरी आवाज यायचा.

भाची : पोरं गप्प बसायची, मामा. आणि मॉनिटर फळ्यावर नावं कोणाची लिहायचा? ज्याच्याशी पटत नाही त्याचीच ना? शाळा सुटली की त्या नावांचा हिशेब वेशीपाशी चुकता व्हायचा.

मामा : व्हायचा. म्हनून दुसऱ्या दिवशी छडी व्हती.

भाची : आता ती नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारायलाही बंदी आहे आणि घालूनपाडून बोलायलाही.

मामा : छडी नेली थे बरं केलं. मी काही छडीचा वकील नाई. पन तिच्या जागी देलं काय? मूल्यवर्धनाच्या पुस्तिका आल्या तवा मी नोकरीतच व्हतो. प्रशिक्षन झालं, पोट्टे गोलात बसले, फोटो निघाले. फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकला की उपक्रम झाला. अन् पोट्टे बी शाने, मोबाईल वर झाला की एकमेकायच्या खांद्यावर हात टाकत.

भाची : फोटोचं खरं आहे. गटकामाच्या तासाला माझा फोन कपाटात असतो, तो यासाठीच. पण मूल्यवर्धनाला फोटोवरून मोडीत काढू नका. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं ते सुरू केलं, पुढं सरकारनं हाती घेतलं आणि ते आपल्यापर्यंत आलं. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे शब्द परिपाठाला आपण रोज म्हणवून घेतोच. इथं ते जोडीत बसून, गटात बसून वापरायला लावतात. वर्गाचे नियम पोरांनी ठरवायचे आणि नियम मोडला तर काय करायचं हेही पोरांनीच. माझ्या वर्गाचा पहिला नियम कोणता ठरला माहीत आहे? खिचडीच्या रांगेत मधे घुसायचं नाही.

मामा : अन् घुसला त?

भाची : तर त्या दिवशी त्यानं वाढायला उभं राहायचं, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. हे मी सांगितलं नाही.

मामा : लेकरं आपल्यापेक्षा कडक असतात.

कागदावर हा विषय नवा नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबत एनसीईआरटीनं शांततेच्या शिक्षणावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. दरवर्षी २१ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतता दिनही येतो आणि फलकावर पांढरं कबूतर काढून जातो. मामांचा आक्षेप अशा कबुतरांवर असता तर वाद तिथंच मिटला असता, कारण भाचीलाही ती आवडत नाहीत. पण मामांच्या पोतडीत त्याहून जड माल होता.

मामा : तुले एक सांगतो. गट पाडनं हेच भांडनाचं मूळ हाये. मी बी पाडले व्हते. चार गट, वाघ, सिंह, हत्ती, घोडे. गुन देत गेलो. आठ दिवसांत वाघानं सिंहाच्या सायकलीतली हवा सोडली. त्याच्या आधी थे दोघं एका बाकावर बसत व्हते. आता तू म्हनशीन, गटानं शांतता येते. कशी येते?

भाची : तुमचा अनुभव अगदी खरा आहे, आणि तो पुस्तकातही आहे. मुझफ्फर शेरीफ नावाचे मूळचे तुर्कस्तानातले मानसशास्त्रज्ञ होते. १९५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २२ पोरांचं शिबिर भरवलं. सगळी अकरा-बारा वर्षांची, एकाच धर्माची, एकाच थरातली, एकमेकांना अनोळखी. दोन गट केले. एक गरुडांचा झाला, एक सापांचा. सामने लावले, बक्षिसं ठेवली. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांत घुसून सामान विस्कटलं.

मामा : पाह्य. अन् त्यात जात नाई, धर्म नाई, काहीच नाई.

भाची : पुढं ऐका. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. राग गेला नाही, उलट जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं. म्हणजे नुसतं शेजारी बसवून काही होत नाही. शेवटी शिबिराचं पाणी बंद पडलं. ते बंद पाडलं होतं शेरीफच्याच माणसांनी, पोरांना ते ठाऊक नव्हतं. बिघाड शोधायला दोन्ही गटांना लागावं लागलं. मग जेवण आणणारा ट्रक अडला. ज्या दोरानं आधी रस्सीखेच खेळले त्याच दोरानं सगळ्यांनी मिळून तो ओढला. अशी कामं पडत गेली तसा राग ओसरला. परतताना बहुतेक पोरांना एकाच बसनं जायचं होतं.

मामा : म्हंजे शांतता शिकवाची अशीन त आधी पानी बंद कराव लागते.

भाची : आपल्याकडं बंद करायची गरज आहे का?

इथं मला मधे बोलावं लागलं. शेरीफचा प्रयोग सांगणारे बहुतेक जण १९५४ पाशी थांबतात. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथं त्यांनी असंच शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं होतं. तिथं गट पाडायच्या आधीच पोरांची एकमेकांशी ओळख होऊ दिली होती, दोस्ती जमली होती. मग गट पाडले आणि मोठ्या माणसांनी गुपचूप काड्या घालायला सुरुवात केली. पोरं भडकली नाहीत. उलट, हे मोठ्यांचंच काम असावं असा त्यांना संशय आला. शेरीफनी शिबिर गुंडाळलं आणि पुढच्या वर्षी दोन गटांची आधी ओळखच होऊ दिली नाही. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं फसलेला हा प्रयोग शिक्षकाच्या दृष्टीनं जास्त कामाचा आहे. मी एवढं सांगितल्यावर मामा थोडे थांबले आणि म्हणाले, "हे लिवून ठेव. मले पुढं लागन."

भाची : गुणांची शर्यत मी लावत नाही, मामा. एकाला दुसऱ्याशिवाय धडा पुराच होत नाही, अशी मांडणी करते. हीसुद्धा माझी युक्ती नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं, तेव्हा मारामाऱ्या सुरू झाल्या. इलियट ॲरन्सन तिथल्या विद्यापीठात होते. त्यांनी एका धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. ज्याचा तुकडा त्यानंच तो बाकीच्यांना समजावून सांगायचा, आणि शेवटी परीक्षा पुऱ्या धड्याची.

मामा : अन् ज्याले सांगताच येत नाई त्याचं काय?

भाची : खरी मजा तिथंच आहे. मेळघाटातून उठवून पायथ्याला वसवलेल्या गावांतली कोरकू लेकरं आपल्या पट्ट्यातल्या शाळांत आहेत. माझ्या वर्गात आहे एक. घरी कोरकू बोलतो, मराठी अडखळत. आधी तो उभा राहिला की पोरं हसायची. खारपाणपट्ट्यावरच्या पाठाचे मी पाच तुकडे केले आणि विहिरीचं पाणी खारं का लागतं हा तुकडा त्याला दिला. तो अडखळला, गटातला एक जण चिडला. मी एवढंच म्हटलं, चिडून तुझं काम होणार नाही, ते त्याच्याकडंच आहे, काढून घे. मग तोच पोरगा त्याला एकेक प्रश्न विचारायला लागला. हळूहळू, नीट विचारायला लागला. जमिनीत क्षार आहेत, पाणी खाली मुरतं तसं ते त्यात उतरतात, हे त्यानं हातवारे करून सांगितलं.

मामा : मंग हसनं बंद झालं?

भाची : एका तासात कसं होईल? कमी झालं.

हे "कमी झालं" मला आवडलं. शांततेच्या उपक्रमांचे अहवाल वाचले तर प्रत्येक ठिकाणी एका आठवड्यात वर्ग बदललेला असतो.

आता मामांनी रोख बदलला. मामा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे, मोझरीच्या गुरुकुंजात वर्षानुवर्षं जाणारे. हिवरखेडात ते कोणालाही भेटले की आधी "जय गुरुदेव".

मामा : तुमच्या या गोलात बसन्याच्या आधी राष्ट्रसंतानं वऱ्हाडाले सामुदायिक प्रार्थना देली. सतरंजीवर कुनबी, माळी, बारी, बौद्ध, सारे एका ओळीत. डोळे मिटले की कोन कोनाच्या शेजारी बसला थे दिसत नव्हतं. पहाटे ग्रामसफाई, हातात खराटे. कोनी धडा देला नाई, कोनी तुकडे केले नाई, तरी गाव एका जागी येत व्हतं. १९५५ मंदी महाराज जपानले जाऊन जागतिक शांततेवर बोलून आले. आपल्या घरात असताना तुले टेक्सास काहून पाह्यजे?

भाची : खराटा मला मान्य आहे, मामा. खराटा हातात घेऊन दोघं जण एकच गल्ली झाडतात तेव्हा तेही शेरीफच्या ट्रकसारखंच असतं. तुम्ही वर्गात झाडण्याच्या, पाणी भरण्याच्या पाळ्या लावायचात, त्यात मुद्दाम वेगवेगळ्या मोहल्ल्यांची पोरं एका पाळीत टाकायचात. आईनं सांगितलंय मला. ते गटकामच होतं. प्रार्थनेबद्दल मात्र विचारते, राग मानू नका. डोळे उघडल्यावर काय व्हायचं? सतरंजी एक होती, विहीरही एक होती का?

मामा : (थोड्या वेळानं) सगळ्या गावात नव्हती.

भाची : मग त्याबद्दल बोलायला जागा कुठं होती? मौनात सगळे सारखे दिसतात. बोलायला लागले की कोणाला काय मिळालं नाही ते बाहेर येतं. मला वर्गात तेच बाहेर आलेलं हवं आहे.

मामा : आता तू बरोबर जाग्यावर आली. कारन माहा खरा मुद्दा हाच हाये. ही शांतता शेवटी कोनाच्या डोक्यावर येते? जो कमजोर हाये त्याच्या. घरात भांडन झालं की पोरीले म्हंतात, तू समजदार हायेस, तू सोड. गावात झालं की गरिबाले म्हंतात, जाऊ दे बाप्पा, मिटवून घे. शाळेत तू लेकरायले मिटवून घेनं शिकवशीन त मोठे होऊन थे अन्याय बी मिटवून घेतीन. १९२७ मंदी अमरावतीले अंबादेवीच्या मंदिरात जायाचा हक्क लोकायनं मागतला. त्याच साली बाबासाहेब तिथं परिषदेले आले. त्यायले बी कोनी म्हटलंच असन, कायले गावाची शांतता मोडता?

मला वाटतं, गटकामातून शांतता शिकवणाऱ्या प्रत्येकानं मामांचा हा आक्षेप भिंतीवर लावून ठेवावा. बहुतेक उपक्रमांचा शेवट हात मिळवण्यात होतो. हात मिळवताना कोणाचा हात वर होता आणि कोणाचा खाली, हे कोणी नोंदवत नाही. भाचीला याचं तयार उत्तर नव्हतं. तिनं वर्गात घडलेलं सांगितलं, आणि चिंचोके अखेर तिथं आले.

भाची : वानचा उपक्रम मी घेतला तेव्हा तुम्ही म्हणता तेच पहिल्यांदा झालं. भांड्यात चिंचोके, ते वान धरणाचं पाणी. चार गट केले. तेल्हारा तालुक्यातले शेतकरी, बाळापूरकडची खारपाणपट्ट्यातली गावं, अकोला शहर, आणि धरणाच्या खालची नदीकाठची गावं. प्रत्येक गटाला चिठ्ठी, तुमची गरज अमुक. चौघांची बेरीज भांड्यातल्या चिंचोक्यांपेक्षा जास्त भरते, हे मुद्दाम.

मामा : हे खेळन्यासारखं हाये काय? वानचं पानी अकोल्याले न्यायची गोष्ट निघाली तवा आपल्या तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर आले व्हते. तिकडून बाळापूरच्या ६९ खेड्यायच्या योजनेसाठी एप्रिल २०२३ मंदी लोकं खारं पानी घेऊन अकोल्याहून नागपूरकडं पायी निघाले. शेतकऱ्याच्या पोराले तू अकोल्याच्या बाजूनं बोलाले लावशीन, बाप शाळेत येईन विचाराले.

भाची : एक आले होते. म्हणाले, मॅडम, पोरगं घरी येऊन विचारते, बाबा, खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी काय प्यावं? मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं की आपलं ओलितही गेलं नाही पाहिजे अन् त्यांचे घसेही कोरडे राहिले नाही पाहिजेत, कसं ते सरकारनं पाहावं. मला तर ते ऐकून बरं वाटलं.

मामा : पयल्यांदा काय झालं थे सांग.

भाची : पहिल्या फेरीत अकोला शहरानं ओंजळ भरून घेतली. त्या गटात दांडगी पोरं होती. शेतकऱ्यांनी आरडाओरडा करून आपला वाटा घेतला. खारपाणपट्ट्याच्या गटात तिघी मुली होत्या. त्या म्हणाल्या, आम्हाला उरलेलं चालेल. सगळे खूश. भांडण नाही, तास संपायला वेळ शिल्लक. फोटो काढण्याजोगी शांतता होती, मामा.

मामा : मंग?

भाची : मग मी नियम घातला. प्रत्येक गटानं लिहायचं, एवढ्या पाण्यात उद्या सकाळी तुमच्या घरी काय होईल. मुलींनी लिहिलं, सकाळी टँकरची वाट पाहू, शाळेला उशीर होईल. लिहिता लिहिता त्यातली एक थांबली आणि म्हणाली, मॅडम, आम्हाला हे मान्य नाही. तेव्हापासून दुसरा नियम झाला. कोणत्याही गटाला "मान्य नाही" म्हणता येतं, कारण सांगावं लागतं, आणि त्यावर हसायचं नाही. तिसरा नियम, आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची गरज त्याला पटेल अशी सांगायची. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपण बोलायचं. दांडग्या पोरांना हाच नियम सगळ्यात जड गेला.

मामा : अन् पान्याचा निकाल?

भाची : त्या दिवशी लागला नाही. तास संपला. पुढच्या शनिवारी गट तेच, चिठ्ठ्या बदलल्या. अकोला शहर झालेली पोरं खारपाणपट्टा झाली. या वेळी त्यांनी ठरवलं, आधी पिण्याचं सगळ्यांचं, मग ओलित, आणि पाऊस कमी झाला तर शहरानं आधी नळ कमी सोडायचे. शेतकरी गटातली एक मुलगी शेवटपर्यंत म्हणत राहिली, आमच्या गव्हाचं कोण बघणार? तिचं म्हणणं फळ्यावर तसंच ठेवलं.

मामा : म्हंजे भांडन तसंच राह्यलं.

भाची : राहिलं. ओंजळी भरणं मात्र थांबलं. तुम्ही म्हणता तो अन्याय मिटवून घेणं वेगळं आणि "मान्य नाही" हे न ओरडता, कारण देऊन, समोर बसून सांगता येणं वेगळं. अमरावतीत मंदिरप्रवेशासाठी १९२७ मध्ये ज्यांनी तोंड उघडलं, ते याच प्रकारचं बोलत होते असं मी मानते. संविधानाच्या उद्देशिकेतही बंधुतेच्या आधी न्याय आहे.

मामांनी मान डोलावली, पण हार मानली असं नव्हे. त्यांनी मे २०२३ मधली अकोल्याची दंगल काढली. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या दिवसांत हिवरखेडपर्यंत काय काय येऊन पोचलं, हे इथल्या कोणालाही आठवत असेल.

मामा : चिंचोक्याचं पानी ठीक हाये. पन मोबाईलवरून जे येते त्याले तुह्या वर्गात काय औषध हाये?

भाची : विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. आमची उघडली तेव्हाही पोरांच्या तोंडी तेच होतं. एकानं भर वर्गात सांगायला सुरुवात केली, त्यांनी असं केलं, त्यांनी तसं केलं. गप्प बस म्हटलं असतं तर त्यानं तेच मधल्या सुट्टीत सांगितलं असतं. मी फळ्यावर तीन रकाने पाडले. स्वतः पाहिलेलं, माणसाकडून ऐकलेलं, मोबाईलवर आलेलं. गटागटानं येऊन ज्याला जे माहीत आहे ते योग्य रकान्यात लिहायचं. तिसरा रकाना भरून खाली गेला. दुसऱ्यात चार-पाच ओळी. पहिल्यात एकही नाही. मी काही बोलले नाही. पोरं बराच वेळ फळ्याकडं पाहत होती. मग एक जण म्हणाला, मॅडम, माझी आत्या अकोल्याला राहते, तिला विचारून पहिल्या रकान्यात लिहू का?

मामा : हे चांगलं केलं. हे मी बी केलं असतं.

भाची : मग आता पटलं ना?

मामा : थांब. एक गोष्ट राह्यली, अन् तिचं उत्तर तुह्याजवळ नाई. तुह्या वर्गात मराठी शाळेचे पोट्टे. अकोल्याचं भांडन ज्या दोघांत झालं, त्यातले दोघं बी तुह्या वर्गात हायेत काय? उर्दू शाळा वेगळी. परिपाठ वेगळा, मास्तर वेगळे, खिचडी वेगळी शिजते. सहावीतलं पोरगं सहावीतल्या पोराले आयुष्यात कधी भेटते? बाजारात, नाई त निवडनुकीत. तुह्या तीन रकान्यांत "त्यांनी" म्हनून जे लिवलं थे "त्यांनी" कोन, हे सांगनारा त्या वर्गात एक बी नव्हता. घरच्या घरात तू लाख गट पाड.

भाची गप्प झाली. मीही. हिवरखेडच काय, अकोट, बाळापूर, अचलपूर, वऱ्हाडातल्या कोणत्याही मोठ्या गावाला हे लागू आहे. माध्यमं वेगळी असण्याबद्दल माझी तक्रार नाही. लेकरानं घरच्या भाषेत शिकावं, उर्दूत शिकणाऱ्यालाही तो हक्क आहे. पण शाळा वेगळ्या म्हणून लेकरांनी एकमेकांचं तोंडही पाहू नये, असं कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही. मिडल ग्रोव्हची पोरं मोठ्यांच्या काड्यांना भुलली नाहीत, कारण गट पडायच्या आधी ती एकमेकांना नावानं ओळखत होती. अनोळखी असलेली १९५४ ची पोरं भुलली. आपण वर्षानुवर्षं दुसऱ्या प्रकारची पोरं तयार करतो आहोत, आणि मग शांतता समितीच्या बैठकीत त्यांच्या बापांना बोलावतो.

भाची : वानचा उपक्रम दोन्ही शाळांचा एकत्र घेतला तर? पाणी दोघांचंही सारखंच जातं.

मामा : परवानगी कोन देईन? अन् पालक? तुमच्या इकडून बी येतीन, तिकडून बी येतीन.

भाची : भाषेचं काय करू, तेही आहे. चिठ्ठ्या दोन लिपींत कराव्या लागतील. पण मराठी तर उर्दू शाळेतही शिकवतातच.

मामा : मी उर्दू शाळेच्या हेडमास्तरले ओळखतो. त्याच्या शाळेत मी निवडनुकीच्या ड्युटीले व्हतो. विचारून पाह्यतो. पन आधीच सांगतो, गट पाडशीन त मराठी एका बाजूले अन् उर्दू दुसऱ्या बाजूले असे पाडू नको. प्रत्येक गटात दोन्हीकडचे पाह्यजेत. अन् नावं देऊ नको गटायले. वाघ-सिंह त बिलकूलच नाई.

भाची : चिठ्ठीवरची भूमिका हेच गटाचं नाव.

मामा : अन् गुन नाई.

भाची : गुण नाही.

निवाडा मला कोणी मागितला नव्हता, तरी देतो. गटकामातून शांतता शिकवता येते, इथं मी भाचीच्या बाजूचा आहे. पण मामांच्या तीन अटी पाळल्या तरच. गटात शर्यत नसावी. नाही म्हणण्याचा हक्क सगळ्यात दबलेल्या लेकरालाही असावा. आणि ज्यांच्यात भांडण होऊ शकतं ती लेकरं एकाच गटात बसलेली असावीत. या तीन अटींविना केलेला उपक्रम बुलेटिन बोर्डापुरता आहे, त्यासाठी वर्गाचा तास घालवू नये.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये प्राथमिक शाळांसाठी आनंददायी शनिवार सुरू केला आहे. ज्या गावात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही शाळा आहेत, तिथल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार दोन्ही शाळांच्या सहावीनं एका आवारात घालवावा. केंद्रप्रमुखांशी आधी बोला, पालकांची सभा आधी घ्या, गावाच्या रोजच्या तंट्यातला एक खरा प्रश्न निवडा. पाण्याचाच असावा असं नाही. पहिल्या शनिवारी काही शिकवू नका, लेकरांना फक्त एकमेकांची नावं कळू द्या.